शाहाजोग हुंडी आणि आजचा गुप्त अंक

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा हें वऱ्हाडांतील व्यापाराचें जुनें व संपन्न ठिकाण. १६७० सालीं शिवाजी महाराजांच्या फौजेनें तें लुटलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. रोख नाण्यास ओळख नसते. ज्याच्या हातीं थैली, त्याचें द्रव्य. हें भय व्यापारी लोक पुरतेपणीं जाणून होते, आणि हुंडी हा त्यावरचा त्यांचा जुना तोडगा होता.

हुंडीची रचना पाहिली म्हणजे सावकारांच्या चातुर्याचें कौतुक वाटतें. रक्कम शंभर असली तर तिची निमपट पन्नास व त्या पन्नासाची दुप्पट असा खुलासा मजकुरांतच करीत. एखादा आंकडा खोडून लबाडी साधूं नये हा हेतु. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, आणि तीहि गहाळ झाल्यास परपेठ, अशा प्रती लिहून मिळत. सर्वांत मार्मिक ती शाहाजोग हुंडी. तिचे पैसे बाजारांतील प्रतिष्ठित शाहाच्या मार्फतच मिळत. पुढें लबाडी उघडकीस आली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहाची. ज्याला माणूस ओळखतां येत होता, त्याच्याच शिरावर ओळखीचें ओझें होतें.

आज कारंज्याचा शेतकरी सोयाबीनचे पैसे मोबाइलवर पाहतो. या तिजोरीचें दार किती सहज उघडावें, हा प्रश्न आतां घरोघरीं आला आहे. २०१६ सालीं आलेल्या यूपीआयचें कुलूप म्हणजे चार किंवा सहा आंकड्यांचा गुप्त अंक. लहान रकमांस तोहि नको, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्यें यूपीआय लाइट निघालें; प्रथम २०० रुपयांपर्यंतचे व्यवहार अंकावांचून होऊं लागले. हें योग्यच झालें. चहाच्या पैशांस तिजोरीचें कुलूप कशाला?

परंतु मोठी रक्कम गेली म्हणजे काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें, बँक व ग्राहक दोघेहि निर्दोष असतां तीन कामकाजी दिवसांत खबर देणाऱ्या ग्राहकास तोट्यांतून मुक्त केलें. मात्र ज्यानें गुप्त अंक दुसऱ्यास सांगितला, त्याच्यावर खबर देईपर्यंतचा सारा तोटा टाकला. गोड बोलण्यास भुललेला म्हातारा अशा रीतीनें निष्काळजी ठरतो.

आम्हांस येथें शाहाची आठवण होते. चोरीचे पैसे ज्या खात्यांत जातात, तेंहि कोणत्या तरी बँकेनेंच कागदपत्रें पाहून उघडलेलें असतें. त्या खातेदाराची ओळख पटविण्याचें काम तिचें होतें, शेतकऱ्याचें नव्हतें. सोय सर्वांस हवी, आणि ती वाढावीहि. पण तिच्याबरोबर वाढणाऱ्या जोखमींत त्या बँकेनेंहि आपला वांटा उचलावा, असा न्याय जुनी शाहाजोग हुंडी आपणांस शिकविते.