मिरजेची संगीत सभा आणि वाहनतळाचा प्रश्न

जत आणि परिसरातील रसिकांना अभिजात संगीताची मोठी मैफल ऐकावयाची असल्यास पाऊणशे ते ऐंशी किलोमीटरवरील मिरजेला जावे लागते. ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात भरणारी संगीत सभा ही त्यांपैकी सर्वांत मानाची. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात असून, ही सभा त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. रात्री परतीच्या सोयीसाठी बाहेरगावचे अनेक श्रोते स्वतःचे वाहन घेऊन येतात आणि गायन सुरू होण्यापूर्वीच एका प्रश्नापाशी अडतात : वाहन उभे कोठे करावे?

जुने गाव, नवी वाहने

दर्गा मिरजेच्या जुन्या वस्तीत आहे. सतारी व तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांची गल्लीही याच भागात असून, या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या गल्ल्या मोटारींचा विचार करून आखलेल्या नाहीत. उरुसाच्या दिवसांत दुकाने, पाळणे आणि भाविकांची गर्दी यांमुळे त्या आणखी आक्रसतात.

उरूस हिजरी पंचांगानुसार येत असल्याने त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत तो सर्व ऋतूंतून फिरून येतो. म्हणूनच एखाद्या वर्षी सोयीचे ठरलेले मोकळे मैदान पावसाळ्यातील उरुसात चिखलामुळे निरुपयोगी ठरू शकते.

जागेचे गणित

नगररचनेच्या प्रचलित मापानुसार उघड्या वाहनतळावर एका मोटारीसाठी, वळण्याची जागा धरून, सुमारे २३ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे शंभर मोटारींना २,३०० चौरस मीटर, अर्थात अर्ध्या एकराहून अधिक जागा हवी. एका मोटारीच्या जागेत साधारण चार दुचाकी मावतात. चार जणांनी एका मोटारीतून येणे हा त्यामुळे जागा वाचविण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

रुग्णवाहिकेची वाट

मिरजेची दुसरी ओळख वैद्यकीय नगरी अशी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून जत तालुक्यासह सीमाभागातील रुग्ण उपचारांसाठी येथे येत आले आहेत. मैफलीच्या रात्रीही रुग्णवाहिकांची ये-जा चालूच असते. रुग्णालयाच्या दारात अथवा अरुंद वळणावर 'पाच मिनिटांसाठी' लावलेली मोटार एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट रसिकांनी विसरता कामा नये.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ अन्वये इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडून जाण्यास मनाई आहे. पदपथ, चौक, बसथांबा, शाळा व रुग्णालय यांची प्रवेशद्वारे, तसेच आधीच उभ्या असलेल्या वाहनाच्या बाजूला दुसरी रांग, या ठिकाणी वाहन लावता येत नाही. कलम १२७ नुसार मनाईच्या जागी लावलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्यास सांगू शकतो आणि त्याचा खर्च मालकाला भरावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खालील दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत आहे.

काही शहरांतील रस्त्यांवर 'पी-१' व 'पी-२' असे फलक आढळतात. तेथे विषम तारखेला एका बाजूस आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहन लावावयाचे असते. मैफल मध्यरात्रीपर्यंत लांबली तर बारानंतर तारीख बदलते आणि नियमात बसणारे वाहन नियमबाह्य ठरू शकते. अशा रस्त्यावर वाहन लावण्यापूर्वी फलकावरील वेळही वाचून घ्यावी.

जतहून जाणाऱ्यांसाठी

नागज आणि कवठे महांकाळमार्गे मिरजेला येणाऱ्यांनी दर्ग्याच्या दारापर्यंत वाहन नेण्याचा आग्रह सोडावा. उरुसासाठी वाहतुकीत केलेले बदल आणि नेमून दिलेले वाहनतळ त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत पाहून घ्यावेत. गावाबाहेरच्या बाजूस वाहन लावून उरलेले अंतर पायी अथवा रिक्षाने जाणे श्रेयस्कर. वृद्धांना आधी सोयीच्या ठिकाणी उतरवावे आणि मग वाहन लावण्यास जावे. वाहनाचे तोंड बाहेर जाण्याच्या दिशेने ठेवावे व जवळची खूण लक्षात ठेवावी, कारण सभा संपताच सारी वाहने एकाच वेळी निघतात. शक्य असल्यास गायनाच्या तासभर आधी पोहोचावे. पहिला षड्ज ऐकावयाचा असेल तर वाहनतळाचा शोध त्यापूर्वीच संपलेला बरा.