निरीक्षण विहिरी, औद्योगिक सांडपाण्याच्या तलावांलगतच्या

कारखान्याचे सांडपाणी, राखेचा चिखल किंवा रासायनिक गाळ साठवलेल्या तलावातून झिरपा होऊन तो भूजलात उतरतो का, हे कळावे म्हणून तलावाभोवती घेतलेल्या अरुंद विंधन विहिरी. ठरलेल्या जागचा, ठरलेल्या खोलीवरचा नमुना देणे एवढेच त्यांचे काम असते. मूल्यमापन करताना आधी विहीर तपासायची आणि मग तिचे पाणी, हा क्रम महत्त्वाचा. चुकीच्या जागी घेतलेली विहीर वर्षानुवर्षे पाणी स्वच्छ असल्याचे सांगते, आणि ते खोटेही नसते. दूषित पाणी तिच्या वाटेला कधी आलेलेच नसते.

भूजल कोणत्या दिशेला वाहते हे ठरवायला एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरींतील पाण्याची पातळी, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, हाताशी लागते. कोळशाच्या राखेच्या तलावांसाठी अमेरिकेने 2015 मध्ये केलेल्या नियमांत प्रवाहाच्या वरच्या अंगाला किमान एक आणि खालच्या अंगाला किमान तीन विहिरी सांगितल्या आहेत. हा आकडा किमान आहे, पुरेसा नव्हे. भरलेल्या तलावाखाली झिरप्यामुळे भूजलाचा उंचवटा तयार होतो आणि पाणी चहूबाजूंनी पसरू लागते. मग ‘वरची’ म्हणून धरलेली विहीरच दूषित होते, आणि तिच्याशी तुलना केली की खालच्या विहिरी निर्दोष ठरतात. वेगही पाहावा लागतो. वाळूच्या थरात पार्यता दिवसाला 1 मीटर, उतार शंभरास एक आणि प्रभावी सच्छिद्रता 20 टक्के धरली, तर पाणी वर्षाला जेमतेम 18 मीटर सरकते. तलावापासून 90 मीटरवरची विहीर पाच वर्षे काहीच बोलणार नाही.

दख्खनच्या बेसाल्टात हे गणित कोलमडते. पाणी मुरमातून, सांध्यांतून आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सांदीतून जाते. मधला तांबडा गेरूसारखा थर त्याला अडवतो किंवा आडवे वळवतो. एका विहिरीला भेग लागते, तीस मीटरवरची कोरडी राहते. अशा ठिकाणी नकाशावर समान अंतराने टिंबे काढून विहिरी घेणे म्हणजे निव्वळ कागद रंगवणे.

बांधणीत सर्वांत मोठी चूक चिरा पाडलेल्या नळीच्या लांबीत होते. समजा, 12 मीटर लांब जाळीनळी आहे आणि सर्व थरांतून सारखेच पाणी येते. वरच्या 2 मीटरमध्ये क्लोराइड लिटरला 1,000 मिलिग्रॅम, उरलेल्या 10 मीटरमध्ये 50. मिसळलेल्या नमुन्यात ते सुमारे 208 भरते, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील 250 या स्वीकार्य मर्यादेच्या आत. झिरपा आहे, अहवालात मात्र नाही. नळीभोवतीच्या पोकळीत बेंटोनाइट नीट बसला नसेल तर उलट घडते : पावसाचे किंवा वरच्या थराचे पाणी थेट खाली उतरते. सामू 11च्या आसपास आला, तर कारखान्याआधी विहिरीत भरलेल्या सिमेंटवर संशय घ्यावा.

नमुना घेताना नळीत साचलेले शिळे पाणी आधी काढतात. 50 मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे 2 लिटर पाणी असते. 5 मीटर पाणी उभे असेल तर तिप्पट उपशाच्या जुन्या रीतीने 30 लिटर काढावे लागते. आता हळूहळू पंप चालवून सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत थांबण्याकडे कल आहे. बादलीवजा बेलर दणकन सोडला की तळचा गाळ ढवळतो आणि मातीच्या कणांना चिकटलेले लोह, आर्सेनिक नमुन्यात येते. म्हणून गढूळपणाची नोंद नसलेला धातूंचा आकडा फारसा विश्वासार्ह नसतो.

क्लोराइड, सल्फेट, बोरॉन ही लवकर पोचणारी द्रव्ये. बरेच धातू मातीला चिकटत मागून येतात. पण आकडा वाढला की लगेच गळती, असेही नाही. दहा विहिरी, प्रत्येकीत सात घटक, आणि दर चाचणीत खोट्या इशाऱ्याची शक्यता फक्त 1 टक्का (चाचण्या परस्परांवर अवलंबून नसतील तर) : तरीही एका फेरीत निदान एक खोटा इशारा मिळण्याची शक्यता सुमारे 50 टक्के. म्हणून पुन्हा नमुना घेण्याचा नियम आधीच लिहून ठेवतात. निकाल आल्यावर केलेला नियम सोयीचाच निघतो.

आसपासच्या शेतविहिरी निरीक्षण विहिरींना पर्याय ठरत नाहीत. उघड्या, रुंद विहिरीत सगळ्या थरांचे पाणी आणि वरून पाऊस मिसळतो. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी एच-आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरला, तेव्हा शेतकऱ्यांच्या विहिरींचे पाणी काळपट झाले आणि प्रदूषण उघड्या डोळ्यांना दिसले. नागपूरच्या ‘नीरी’ने तिथे पाहणी केली, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये आला. विहिरीचा रंग बदलेपर्यंत थांबावे लागले, इथेच देखरेख हरलेली असते.

मूळ पातळीचा प्रश्न सर्वांत चिवट. कॅलिफोर्नियातील हिंक्ली येथे ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’च्या केंद्रातील शीतक मनोऱ्यांचे षट्संयुजी क्रोमियमयुक्त पाणी 1952 ते 1964 या काळात अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले गेले. रहिवाशांशी 1996 मध्ये 33.3 कोटी डॉलरची तडजोड झाली. पण मोहावे वाळवंटातील खडकांतून हेच क्रोमियम नैसर्गिकपणेही भूजलात येते. मग कारखान्याचे किती आणि खडकाचे किती? 2007च्या अभ्यासातून लिटरला 3.1 मायक्रोग्रॅम ही कमाल मूळ पातळी धरली गेली आणि तिच्यावरून दूषित पट्ट्याची हद्द आखली गेली. पुढे त्या अभ्यासावर आक्षेप आले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने खनिजे, समस्थानिके आणि पाण्याचे वय तपासून काम नव्याने केले. त्याचा अहवाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिंक्ली दरीच्या निरनिराळ्या भागांसाठी मूळ पातळ्याही निरनिराळ्या दिल्या आहेत.