गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लिहिण्याचा सराव वाण्याच्या यादीपुरता. पण मंडळात भजनाला पेटीपुढे बसले की ज्या बाईंची मला आठवण होते, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

मोगूबाईंचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी झाला. मुलीने मोठी गायिका व्हावे हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. त्यांनी तिला लहानपणीच चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत घातले. १९१४ साली आई वारली. दहा वर्षांची पोर उघडी पडली. पण आईची इच्छा तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने नायिकेच्या भूमिका केल्या.

१९१९ च्या सुमारास त्या सांगलीस होत्या. घरी मेहनत चालली असता रस्त्याने जाणारे एक वृद्ध गृहस्थ आवाज ऐकून आत आले आणि शिकवू लागले. ते जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब, हे बाईंना मागाहून कळले! खाँसाहेब मुंबईस गेले, तशा बाईही मागोमाग गेल्या. पण तेथे तालीम सुखासुखी मिळाली नाही. काही काळ त्या आग्रा घराण्याच्या गवयांकडे शिकल्या, मग खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. तेही शिक्षण पुढे तुटले. अखेर १९३४ साली खाँसाहेबांनी स्वतः त्यांना गंडा बांधला. सांगलीच्या त्या दिवसापासून तोवर पंधरा वर्षे लोटली होती. नंतर १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोपर्यंत ही तालीम चालली.

मधल्या काळात संसारही होताच. यजमान माधवदास भाटिया लवकर गेले. पदरात तीन मुले. मैफली आणि शिकवण्या यांवर बाईंनी घर चालविले. त्या काळी गाणाऱ्या बाईला मान बेताचाच मिळे. दौऱ्यावर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे तिकीट आणि उतरायला कोणाचे तरी घर, हे किशोरीताई आमोणकरांनी आईबरोबर हिंडताना डोळ्यांनी पाहिले होते. किशोरीताई पुढे कलावंताच्या मानासाठी इतक्या आग्रही का राहिल्या, ते यावरून कळते. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या गेल्या.

आता माझे सांगते. लग्नाआधी माझ्या गाण्याच्या दोन परीक्षा झाल्या होत्या. सासरी आल्यावर पेटी माळ्यावर गेली. कोणी रागावले नाही; “आता कशाला?” एवढेच कोणीतरी म्हणाले. मीही संसारात वेळ कुठे मिळतो म्हणून सतरा वर्षे गप्प बसले. मोगूबाईंची हकीकत वाचली तेव्हा त्यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मनात आला नाही, पण माझी सबब मात्र गेली. पेटी खाली काढली, तर भात्याला उंदरांनी भोक पाडलेले! भिशीच्या पैशातून ती दुरुस्त करून घेतली. आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. वरचा षड्ज लागता लागत नाही. तरी रोज पहाटे, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, अर्धा तास बसते.

बाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात आणि तेथून उठलेली माणसे पुन्हा तेथे जमतात, असे ऐकते. एकदा पाहायचे मनात आहे.

जाता जाता एक विनंती. मंडळात आयांबरोबर येणाऱ्या तीनचार मुलींचे गळे चांगले आहेत. बुधवारी दुपारी सभागृह रिकामे असते. मला येतात तेवढे अलंकार मी त्यांना विनामूल्य शिकवीन. पुढचे शिक्षण जाणत्यांकडे व्हावे. फक्त त्यांच्या आयांनी “आता कशाला?” असे म्हणू नये.