वस्तीला विचारून रंगवलेल्या भिंती

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया हे शहर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. गेल्या चार दशकांत या शहराला आणखी एक ओळख मिळाली, ती भित्तिचित्रांची. १९८४ पासून महापालिकेच्या पुढाकाराने तेथील वस्त्यांमध्ये चार हजारांहून अधिक कलाकृती साकारल्या गेल्या. सार्वजनिक पैशातून चित्र काढायचे, तर ते कोणाचे, कोणाला विचारून आणि किती काळासाठी, हे प्रश्न या शहराला वारंवार सोडवावे लागले. त्यामुळे हा उपक्रम नागरी प्रशासनाच्या दृष्टीनेही अभ्यासाचा विषय ठरला आहे.

सरकारी खर्चाने भिंती रंगवण्याची कल्पना अर्थात नवी नव्हती. मेक्सिकोत १९२० च्या दशकात तेथील सरकारने दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांच्यासारख्या चित्रकारांना सार्वजनिक इमारतींच्या भिंती खुल्या करून दिल्या. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, संघराज्य सरकारने बेरोजगार कलावंतांसाठी योजना आखली आणि तीतून शाळा, रुग्णालयांच्या भिंतींवर चित्रे उमटली. मात्र त्या चित्रांचा विषय ठरवताना आसपास राहणाऱ्यांचे मत घेण्याची पद्धत रूढ नव्हती. फिलाडेल्फियाचे वेगळेपण नेमके येथे आहे.

ग्राफिटीविरोधी मोहिमेतून सुरुवात

भिंतींवर स्प्रे रंगाने आपले नाव किंवा खूण रेखाटण्याची ग्राफिटीची चाल १९६० च्या दशकाच्या अखेरीस ज्या शहरांत फोफावली, त्यांत फिलाडेल्फियाचे नाव आघाडीवर घेतले जाते. १९८४ मध्ये तत्कालीन महापौर विल्सन गूड यांनी 'अँटी-ग्राफिटी नेटवर्क' हा विभाग सुरू केला. पकडलेल्या किंवा स्वतःहून पुढे आलेल्या मुलांना पुन्हा भिंती न रंगवण्याची प्रतिज्ञा करायला लावायची, त्यांच्याकडून भिंती स्वच्छ करून घ्यायच्या, असे मोहिमेचे स्वरूप होते. या कामासाठी लॉस एंजलिस परिसरात भित्तिचित्रे केलेल्या जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीची नेमणूक झाली. यांतील कित्येक मुलांच्या हाताला उपजत वळण आहे, हे गोल्डन यांच्या लक्षात आले. मुलांना भिंती पुसायला लावण्याबरोबरच त्या रंगवायलाही शिकवावे, असा मार्ग त्यांनी धरला. १९९६ मध्ये महापौर एड रेंडेल यांच्या कारकिर्दीत या कामाची 'म्युरल आर्ट्स प्रोग्रॅम' या नावाने स्वतंत्र घडी बसवण्यात आली. पुढे कित्येक वर्षे त्याची धुरा गोल्डन यांच्याकडेच होती.

भिंती आल्या कोठून?

फिलाडेल्फियातील जुनी घरे एकमेकांना चिकटून, रांगेने बांधलेली आहेत. दोन घरांमधील भिंत सामाईक असते. कारखाने बंद पडत गेले तशी लोकसंख्या घटली. १९५० च्या जनगणनेत २० लाख ७१ हजार असलेली संख्या २००० मध्ये १५ लाख १७ हजारांवर आली. ओस पडलेली घरे पाडली गेली आणि शेजारच्या घराची दोन-तीन मजली उघडी, खिडक्या नसलेली भिंत रस्त्यावरून दिसू लागली. भिंतीसमोर मोकळा भूखंड, त्यात कचरा आणि झाडोरा, असे चित्र अनेक गरीब वस्त्यांत होते. जी भिंत शहराच्या पडझडीची खूण होती, तीच चित्रकाराचा फलक झाली. काही ठिकाणी चित्रासोबत समोरचा भूखंडही साफ करून तेथे छोटी बाग करण्यात आली.

चित्र ठरते कसे?

एखाद्या गल्लीतील रहिवासी किंवा स्थानिक संस्था अर्ज करते. भिंत भक्कम आहे काय, तिला ओल आहे काय, ती रस्त्यावरून दिसते काय, याची पाहणी होते. मालकाची लेखी संमती लागते. त्यानंतर चित्रकार नेमला जातो आणि रहिवाशांच्या बैठका सुरू होतात. चर्चच्या तळघरात, शाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर भरणाऱ्या या बैठकांत लोक वस्तीच्या आठवणी सांगतात, जुनी छायाचित्रे आणतात, आपसांत वादही घालतात. चित्रकार त्यातून आराखडा तयार करतो आणि तो पुन्हा लोकांपुढे ठेवतो. या टप्प्यावर बदल सुचवले जातात, कधी सगळा आराखडाच फेटाळला जातो. सुरुवातीच्या वर्षांत डोंगर, झरे, फुलबागा यांची मागणी अधिक असे. पुढे वस्तीतील माणसे, तिचा इतिहास, तिची दुःखे असे विषय येऊ लागले.

या बदलातील महत्त्वाचा टप्पा म्हणून १९९० मधील एका चित्राचा उल्लेख केला जातो. केंट ट्विचेल या चित्रकाराने रिज ॲव्हेन्यूवर बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग यांची तीन मजली उंच प्रतिमा साकारली. 'डॉक्टर जे' या नावाने लाडका असलेला हा खेळाडू खेळाच्या गणवेशात न दाखवता साध्या सूटमध्ये, शांत उभा दाखवला आहे.

या चित्राने तंत्रातही भर घातली. पॅराशूटचे कापड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ कृत्रिम कापडावर चित्र खाली बसून रंगवायचे आणि नंतर ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवायचे, ही ट्विचेल यांची पद्धत होती. आराखड्याचे चौकोन पाडून ते कापडाच्या तुकड्यांवर उतरवले जातात आणि प्रत्येक भागावर रंगाचा क्रमांक लिहिला जातो. त्यामुळे परांचीवर चढू न शकणारे वृद्ध, शाळकरी मुले, अपंग व्यक्ती, कोणीही कुंचला हाती घेऊ शकते. लोकसहभाग हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो. शेवटी सगळे तुकडे भिंतीवर जोडून वरून संरक्षक थर दिला जातो.

ग्रेज फेरी आणि तुरुंगाची भिंत

१९९७ मध्ये शहराच्या दक्षिण भागातील ग्रेज फेरी या वस्तीत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय रहिवाशांत हिंसक तणाव निर्माण झाला. त्यानंतर तेथे भित्तिचित्र करण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा चित्राने काय होणार, हा रोकडा सवाल बैठकीत विचारला गेला. बैठका सुरूच राहिल्या आणि त्यांतून 'पीस वॉल' उभी राहिली. निरनिराळ्या वर्णांचे, एकमेकांवर ठेवलेले हात एवढाच तिचा विषय आहे. या चित्राने वस्तीतील वैर संपले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एकमेकांशी बोलणे टाळणारी माणसे एका कामासाठी एकत्र बसली, हे मोलाचे होते.

याहून अवघड प्रयोग २००४ च्या सुमारास झाला. 'हीलिंग वॉल्स' या दोन चित्रांसाठी ग्रेटरफर्ड येथील तुरुंगातील कैदी, गुन्ह्यांत आप्तांना गमावलेली माणसे आणि उत्तर फिलाडेल्फियातील रहिवासी यांना एकत्र आणण्यात आले. एक चित्र कैद्यांच्या, तर दुसरे पीडितांच्या प्रवासाचे आहे. कैद्यांना बाहेर येता येत नव्हते, परंतु कापड आत जाऊ शकत होते. त्या कापडावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी काम केले. दुःख कोणाचे आणि ते दाखवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून झालेले तीव्र मतभेद 'काँक्रीट, स्टील अँड पेंट' या २००९ च्या माहितीपटात पाहायला मिळतात.

पैसा आणि परिणाम

उपक्रमाला महापालिकेच्या अंदाजपत्रकातून निधी मिळतो. त्याला जोडून असलेली ना-नफा संस्था विश्वस्त निधी, कंपन्या आणि नागरिक यांच्याकडून देणग्या मिळवते. शाळा, दवाखाने, पोलीस यांवरील खर्च अपुरा असताना भिंती कशाला रंगवायच्या, हा आक्षेप जुनाच आहे. त्याचे काही प्रमाणात उत्तर येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पोर्च लाइट' या मानसिक आरोग्याशी जोडलेल्या भित्तिचित्र योजनेची पाहणी करून दिले. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या चित्रांच्या परिसरातील रहिवाशांत परस्परविश्वास आणि एकजुटीची भावना तुलनेने वाढली, तसेच मानसिक आजारांविषयीचा दूषित दृष्टिकोन कमी झाला, असे त्यात आढळले. चित्राने गरिबी हटल्याचा दावा मात्र कोणी केलेला नाही.

संमती किती काळासाठी?

वस्तीची संमती हा उपक्रमाचा पाया असला तरी वस्ती बदलते, काळ बदलतो. १९९५ मध्ये इटालियन मार्केट भागात माजी महापौर फ्रँक रिझो यांचे भित्तिचित्र झाले. इटालियन वंशाच्या अनेक रहिवाशांना ते आपल्या माणसाचे चित्र वाटे. पोलीस आयुक्त आणि नंतर १९७२ ते १९८० महापौर असलेल्या रिझो यांच्या राजवटीतील पोलिसी कठोरपणा कृष्णवर्णीय नागरिक विसरले नव्हते. चित्रावर वारंवार रंग फेकला गेला आणि प्रत्येक वेळी ते दुरुस्त करण्यात आले. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनाच्या दिवसांत, या चित्राची डागडुजी यापुढे करणार नाही, असे म्युरल आर्ट्सने जाहीर केले. त्यानंतर ते रंगाखाली झाकले गेले. एका गल्लीची संमती साऱ्या शहराची संमती ठरते काय, हा प्रश्न त्यातून उघडपणे पुढे आला.

दुसरा धोका बांधकामाचा आहे. जागेचे भाव वाढले, की चित्रासमोरच्या मोकळ्या भूखंडावर नवी इमारत उभी राहते आणि भिंत कायमची झाकली जाते. अमेरिकेत १९९० च्या दृश्य कलाकार हक्क कायद्याने चित्रकाराला काही संरक्षण दिले आहे. कलाकृती इमारतीपासून वेगळी करता येण्याजोगी असेल, तर मालकाने ९० दिवसांची पूर्वसूचना देणे आवश्यक असते. वर उल्लेखिलेल्या ट्विचेल यांचे लॉस एंजलिसमधील एड रूशे या चित्रकाराचे भव्य भित्तिचित्र २००६ मध्ये सूचना न देता रंगवून टाकण्यात आले, तेव्हा २००८ मध्ये त्यांना तडजोडीत ११ लाख डॉलर मिळाले. हा हक्क कलावंताचा आहे. बैठकांना बसलेल्या, कापडाच्या चौकोनात रंग भरलेल्या रहिवाशांना या कायद्यात स्थान नाही.

ऊन, पाऊस आणि ओल यांमुळे बाहेरचे चित्र काही दशकांत फिके पडतेच. म्हणून चित्र नव्याने करायचे, डागडुजी करायची की भिंत दुसऱ्या विषयासाठी मोकळी करायची, हे ठरवण्यासाठी पुन्हा लोकांकडे जावे लागते. रंगवण्यापूर्वी वस्तीला विचारण्याची पद्धत फिलाडेल्फियाने घालून दिली. चित्र पुसण्यापूर्वीही तिला विचारले जाईल, अशी तरतूद होणे अद्याप बाकी आहे.