घाटमार्गांवरील सायकल पर्यटन

डोंगररांगा, दऱ्या व उंच खिंडी ओलांडणाऱ्या रस्त्यांवरून सायकलीने केलेला दीर्घ पल्ल्याचा प्रवास. यात केवळ स्वतःच्या शक्तीवर विसंबावे लागत असल्याने सायकलस्वार डोंगर कोठे ओलांडू शकेल, हे मुख्यतः रस्त्याच्या चढावर ठरते. त्यामुळे या पर्यटनाचा इतिहास बऱ्याच अंशी घाटरस्त्यांच्या बांधणीचा व वापराचा इतिहास आहे. महाराष्ट्रात त्याचे बोलके उदाहरण नासिक परिसरात आढळते. मुंबई–आग्रा महामार्गावरील अंबड हे पूर्वीचे खेडे आता नासिक महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. येथून नैर्ऋत्येस सु. ४० किमी. वर इगतपुरी व त्यापुढे थळ किंवा कसारा घाट लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी : आल्प्स किंवा हिमालय यांतील खिंडीस सामान्यतः दोन्ही बाजूंना उतार असतो, एका दरीतून चढून प्रवासी दुसऱ्या दरीत उतरतो. सह्याद्रीची रचना निराळी आहे. पश्चिमेस कोकणाकडे त्याचा कडा एकदम तुटलेला असून पूर्वेस दख्खनचे पठार हळूहळू उतरत जाते. नासिक शहर व इगतपुरीचा घाटमाथा यांच्या उंचीत फारसा फरक नाही. दोन्ही समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहेत. त्यामुळे अंबडहून निघालेल्या सायकलस्वारास घाटमाथ्यापर्यंत लहान चढउतारच लागतात आणि खरा घाट उतरणीच्या रूपाने भेटतो. परतताना मात्र साऱ्या उंचीची भरपाई थोड्या अंतरात करावी लागते. ‘घाट चढणे’ म्हणजे देशावर येणे व ‘घाट उतरणे’ म्हणजे कोकणात जाणे, हे मराठीतील रूढ अर्थ याच भूरचनेतून आलेले आहेत.

प्राचीन मार्ग : सह्याद्रीतील घाट हे बंदरे व पठारावरील पेठा यांना जोडणारे व्यापारी मार्ग होते. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहनकालीन नागनिका राणीचा लेख असून तेथील दगडी रांजण जकातीशी संबंधित असल्याचे परंपरा सांगते. अंबडजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने प्रवाशांसाठी निवारे उभारल्याचा, तसेच इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचा उल्लेख त्यात येतो. यांपैकी गोवर्धन हे नासिकजवळ, तर शूर्पारक म्हणजे कोकणातील सोपारा होय. निवारा, पाणी व नदी ओलांडण्याची सोय या प्रवाशाच्या गरजा दोन हजार वर्षांपूर्वी येथे ओळखल्या गेल्या होत्या, हे या लेखावरून दिसून येते.

हे जुने मार्ग मात्र पायी चालणारे प्रवासी, ओझ्याचे बैल व तट्टे यांच्यासाठी होते. नाणेघाटासारख्या फरसबंद, पायऱ्यांच्या वाटेने सायकल केवळ खांद्यावर घेऊनच नेता येते.

गाडीरस्ते आणि चढाचे गणित : सायकलीस उपयुक्त असे घाटरस्ते एकोणिसाव्या शतकात तयार झाले. मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० मध्ये खुला झाला. थळ घाटातून मुंबई–आग्रा रस्ता गेला. पुढे लोहमार्ग बोरघाटातून १८६३ मध्ये व थळ घाटातून १८६५ मध्ये सुरू झाला. थळ घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ स १ इतका तीव्र असून तेथे गाडीस जादा एंजिने जोडावी लागतात.

गाडीरस्त्याचा चढ भरलेली बैलगाडी ओढणाऱ्या जोडीच्या ताकदीवर बेतावा लागे. चढ अधिक असल्यास जादा बैलजोडी लावावी लागे. म्हणून अभियंत्यांनी रस्त्याची लांबी वाढवून व नागमोडी वळणे घेऊन चढ सौम्य केला. आजही भारतातील डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी सामान्यतः २० स १ हा चढ प्रमाण मानला जातो. सायकलस्वारास त्याचा लाभ कसा होतो, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्वार, सायकल व सामान यांचे एकूण वजन ९० किग्रॅ. धरल्यास ३०० मी. उंची चढण्यास सु. २६५ किलोज्यूल ऊर्जा लागते. २० स १ या चढाने हे अंतर ६ किमी. होते. ताशी ८ किमी. वेगाने ते पाऊण तासात कापता येते व गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. १०० वॉट शक्ती पुरते. सराव असलेल्या सामान्य माणसास ती पेलते. चढ १० स १ असेल, तर त्याच वेगासाठी दुप्पट शक्ती लागते आणि बहुतेकांना उतरून सायकल ढकलावी लागते. बैलाच्या सोयीसाठी आखलेला चढ अशा रीतीने सायकलस्वाराच्याही आवाक्यात आला.

सायकल प्रवासाचा विकास : दोन समान चाकांची, साखळीने मागील चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल जॉन केंप स्टार्लीने १८८५ मध्ये बाजारात आणली व १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या धावेचे एकस्व घेतले. त्यापूर्वीच १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये सायकल प्रवाशांची संघटना स्थापन झाली होती. धोक्याच्या उतारांवर सूचनाफलक लावण्याचे काम तिने केले. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) याने डोंगरी प्रवासासाठी एकाहून अधिक गतींच्या दंतचक्रांचा पुरस्कार केला. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले ही २,११५ मी. उंचीची खिंड समाविष्ट झाली. पण गती बदलणारी साखळीयंत्रणा तेथील स्पर्धकांना १९३७ पासूनच वापरता आली.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी सु. ७१,००० किमी. प्रवास करून मार्च १९२८ मध्ये तो पूर्ण केला. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र असे प्रवास अपवादात्मकच राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात ॲटलस (१९५१), हीरो (१९५६) आदी कारखान्यांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या घरी आली, ती मुख्यतः शेतकरी, दूधवाले, विद्यार्थी व कामगार यांचे वाहन म्हणून. एकाच गतीची ही जड सायकल सपाटीवर उत्तम चाले. घाटात ती बहुधा हाताने ढकलावी लागे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाचा टप्पा प्रथम पार करणाऱ्यास मिळणाऱ्या ‘घाटाचा राजा’ या किताबाचे महत्त्व त्यामुळेच लोकांना सहज पटे.

नासिक परिसरातील मार्ग : एकविसाव्या शतकात अनेक गतींच्या सायकली सुलभ झाल्यावर नासिक हे सायकल पर्यटनाचे एक प्रमुख केंद्र बनले. अंबडवरून घोटी, इगतपुरी व कसारा हा मुख्य मार्ग होय. घोटीहून एक फाटा कळसूबाईच्या (१,६४६ मी.) पायथ्याजवळून भंडारदऱ्याकडे जातो. त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाटाने मोखाडा व जव्हारकडे, तर पेठ मार्गावर सावळघाटातून गुजरातच्या सीमेकडे जाता येते. उत्तरेस वणीमार्गे नांदुरीस पोहोचून सप्तशृंगगडाचा घाट चढता येतो. नासिकहून पंढरपूरपर्यंत सायकल वारीही काढली जाते. २०० किमी. साठी साडेतेरा तास व ६०० किमी. साठी ४० तास अशी कालमर्यादा असलेल्या ‘ब्रेव्हे’ या दूर पल्ल्याच्या फेऱ्याही येथून होतात.

या सरावाचे फळ दूरवर दिसून आले. नासिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सु. ४,८०० किमी. ची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होय. या मार्गावर रॉकी पर्वतातील ३,३०० मी. हून उंच खिंड ओलांडावी लागते. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. हिमालयातील मनाली–लेह मार्गही मराठी सायकलस्वारांना परिचित झाला आहे. तेथील तांगलांग ला ही खिंड ५,३०० मी. हून उंच असून त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. निम्माच असतो. त्यामुळे तेथे चढाच्या तीव्रतेपेक्षा विरळ हवेचा त्रास अधिक होतो व काही दिवस उंचीशी जुळवून घेणे आवश्यक ठरते.

ऋतू व धोके : सह्याद्रीत जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस, धुके व दरडी यांमुळे घाट धोक्याचे असतात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास अनुकूल होय. उतरणीवर चढताना खर्च झालेल्या ऊर्जेचे ब्रेकमध्ये उष्णतेत रूपांतर होते; म्हणून ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणापूर्वी वेग कमी करणे इष्ट असते.

आधुनिक महामार्ग व सायकल : अलीकडे डोंगर ओलांडण्याची रीत पुन्हा बदलली आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जाव आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा ७६ किमी. चा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कसारा परिसरात तो सु. ८ किमी. लांबीच्या बोगद्यातून जातो. हाही मार्ग मोटारवाहनांपुरता राखीव आहे. परिणामी बोर व थळ या दोन्ही घाटांत सायकलस्वारास जुन्या रस्त्यांचाच आधार उरला आहे. द्रुतगती मार्गाकडे वळलेली वाहने जुन्या घाटरस्त्यावरील ताण कमी करू शकतात. पण उरलेल्या अवजड वाहनांच्या शेजारी ताशी सात-आठ किमी. वेगाने चढणाऱ्या सायकलस्वारास बाजूपट्टी नसेल, तर तो रस्ता सुरक्षित राहत नाही. बोगद्याने घाट टळतो तो केवळ इंजिनाच्या वाहनास. आपल्या बळावर कोकणातून देशावर येणाऱ्यास बैलगाडीसाठी आखलेला सौम्य चढच वापरावा लागतो. त्यामुळे जुन्या घाटरस्त्यांची देखभाल व तेथील बाजूपट्टीची सोय यांवर सह्याद्रीतील सायकल पर्यटनाचे भवितव्य अवलंबून आहे.