असईचा उतार : स्मृतिग्रंथ आणि इतिहास

स्मृतिग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वाचताना अभ्यासक बहुधा निवेदकाच्या खरेपणाची परीक्षा घेतो. त्या ग्रंथात कोणाला बोलू दिले आहे, हा प्रश्न त्याहून अवघड असतो आणि म्हणूनच तो टाळला जातो. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी कंपनीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांच्यात झालेल्या लढाईविषयीचे आठवणीपर गद्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

चोविशीही न गाठलेला एल्फिन्स्टन त्या दिवशी आर्थर वेलस्लीबरोबर होता. त्याची मित्राला लिहिलेली पत्रे कोलब्रुकने १८८४ मध्ये चरित्रग्रंथात प्रसिद्ध केली. जॉन ब्लेकिस्टन या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या आठवणी १८२९ मध्ये लंडनमध्ये छापल्या गेल्या. दोघेही प्रत्यक्षदर्शी, परंतु पत्र हे घटनेच्या धगीत, एकाच वाचकासाठी लिहिलेले, तर ग्रंथ सव्वीस वर्षांनी बाजारासाठी सिद्ध झालेला. ब्लेकिस्टनच्या ग्रंथाच्या नावातच ‘साहस’ हा शब्द आहे. कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक ज्या लढाईत मेले किंवा जखमी झाले, तिला साहसकथेचा घाट देणे ही निव्वळ शैलीची बाब नव्हे.

या वाङ्मयातील सर्वांत गाजलेली कथा मात्र खुद्द वेलस्लीची. केळना नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला समोरासमोरच्या दोन तीरांवर दोन गावे दिसली. माणसे इतक्या जवळ राहतात त्या अर्थी जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने केले, आणि फौज पार झाली. उत्तरायुष्यात क्रोकरला त्याने ही हकिकत आपल्या तर्कशक्तीचा दाखला म्हणून ऐकवली. वाटाडे तिथे केवळ खोटे ठरण्यापुरते येतात. ते अज्ञानाने बोलले, भीतीने, की दोन्ही फौजांची पीडा आपल्या शिवारापासून दूर राहावी म्हणून? निवेदकाला हा प्रश्न पडत नाही, कारण पडला असता तर कथेचा नायक बदलला असता. त्या गावांतली रोज नदी ओलांडणारी माणसे तर्काचा पुरावा होतात, साक्षीदार होत नाहीत.

मराठी बाजूला असे गद्य का नाही? मराठीला ‘मी’ म्हणता येत नव्हते, हे उत्तर टिकत नाही. नाना फडणिसांचे त्रुटित आत्मचरित्र पानिपतापर्यंत येऊन थांबते, आणि पानिपतावर ‘भाऊसाहेबांची बखर’ आहे. असईला मात्र मराठी गद्यात तसे स्थान मिळाले नाही. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते : पोलमनच्या हुकमतीखालची शिंद्यांची कवायती पलटणे मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातल्या शिपायांची होती, आणि समोरचे बहुसंख्य शिपाई मद्रासी. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बहुतांश पायदळाची भाषा ना मराठी होती ना इंग्रजी. शिपायाच्या नावाची आत्मकथा इंग्रजीत आली ती १८७३ मध्ये, सीतारामाची, तीही एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या भाषांतरातून. आणि तिच्या अस्सलपणाविषयीचा वाद मिटलेला नाही. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन, फुरसत आणि प्रकाशक लाभतो. शिपायाला यांतले बहुधा काहीच लाभत नाही. स्मृतिग्रंथ हा वाङ्मयप्रकार या व्यवस्थेवर उभा आहे.

रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ मधील ग्रंथाने मराठी तोफखान्याच्या व पलटणींच्या ताकदीचे नव्याने मूल्यमापन केले. शौर्याच्या कथेऐवजी पैसा, पगार आणि युरोपीय अधिकाऱ्यांची फितुरी यांचा हिशेब त्यांनी मांडला, आणि एल्फिन्स्टन-ब्लेकिस्टन यांच्या वाचनाला तो आवश्यक जोड आहे. तरीही तो सेनांचा इतिहास आहे. वाटाड्यांचे ‘उतार नाही’ हे वाक्य अजूनही वेलस्लीच्याच तोंडून ऐकावे लागते.