मैदानाने दिलेला धीर

बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात हक्काच्या लढ्याला मान आहे. क्रिकेटच्या मैदानालाही तो असावा.

१९४८ नंतर आमची वडीलमंडळी मुंबई-कोकण सोडून इस्राएलात आली. बेर शेवा, दिमोना, लोद येथे बिऱ्हाडे थाटली. भाषा नवी, कामे कष्टाची, त्यात आमच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली. १९६४ साली क्नेसेतने आम्हांला सर्वार्थाने यहुदी मानले. पण ठरावाने मनातला सल जात नाही. तो मैदानावर हलका झाला. तेथे मराठीत हाका मारता येत, चहाबरोबर सुखदुःख बोलता येई. १९६८ साली इस्राएल क्रिकेट संघटना स्थापन झाली. १९७९ साली इस्राएलचा संघ इंग्लंडमध्ये पहिल्या आयसीसी करंडकासाठी उतरला. आमचा खेळ देशाच्या नावाने खेळला गेला!

रुग्णसेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांला वाटते, मनाला औषधाइतकीच नेमाची गरज असते: रोज थोडे चालणे, वेळेवर झोप, आठवड्यातून एकदा चार माणसांत खेळ. नातवंडांनी फुटबॉल जरूर खेळावा. पण आजोबांना घरी एकटे ठेवू नये. धावा मोजायला तरी त्यांना मैदानावर न्यावे.